जीज बेंडच्या काळ्या बायका आणि त्यांच्या वाकळा

सातारकरीण

मागच्या महिन्यात लेकीला कॉलेजात सोडायला अलाबामात माँटगमरीपर्यंत गेलो होतो. येताना नवऱ्याला म्हटलं, एवढं आलोच आहोत तर जीज बेंड बघून जाऊ.
"तिथं काय आहे?"
"वाकळा."
"वाकळा बघायला दोन तास गाडी हाकू? तुझ्या आईकडे माळ्यावर सात पडल्यात."
तरी गेलो. तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळतोय.

अलाबामा नदी विलकॉक्स काउंटीत घोड्याच्या नालेसारखा वळसा घेते. त्या वळशाच्या पोटात हे गाव. तीन बाजूंना पाणी आणि आत जायला एकच रस्ता. सरकारी नाव बॉयकिन, पण त्या नावाने कोणी हाक मारत नाही. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या माणसाने इथं कापसाचा मळा घातला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवेकडे गेला. या पेटवेने नॉर्थ कॅरोलायनातून शंभरेक गुलाम पायी चालवत आणले. गुलामी गेली, मालकाचं आडनाव राहिलं. आजही गावात दर दुसऱ्या दारावर पेटवे. त्यामुळे पुढे चार पेटवे भेटतील तेव्हा सगळ्या बहिणी-बहिणी समजू नका.

गुलामी संपल्यावर खंडाची शेती आली, म्हणजे मालक बदलला आणि कर्ज तेच. १९३२ मध्ये पलीकडच्या कॅम्डेनमधला सावकार व्यापारी वारला आणि त्याच्या बायकोने वसुलीला माणसं पाठवली. जनावरं, अवजारं, मक्याचा साठा, जे दिसलं ते उचलून नेलं. तो हिवाळा गावाने कसा काढला असेल ते आपणच समजावं. पाच वर्षांनी सरकारने जमीन विकत घेतली, घरं बांधली, आणि पुढे ती घरं-जमिनी लोकांना कर्जावर घेता आल्या. ही जमीन हाताशी असणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

जुन्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांच्या. फटींतून वारा येऊ नये म्हणून आतून वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली. १९३७ चे आर्थर रोथस्टीनचे फोटो आहेत, त्यात हे सगळं दिसतं. अशा घरात गादीखाली वाकळ, अंगावर वाकळ, एकावर एक तीन-चार. कापसाच्या गिरणीत जमिनीवर सांडलेला कापूस झाडून आणायचा, काठीने झोडपून मऊ करायचा आणि दोन थरांत भरायचा. वरचा थर घरात जे फाटलं असेल त्याचा.

आता जे मला सांगायचं होतं ते. लुटिशा पेटवेची १९५० च्या सुमाराची एक वाकळ आहे. जीनच्या जुन्या पँटांचे पाय उसवून, सपाट करून, शेजारी शेजारी उभे लावलेत. गुडघ्याच्या जागी कापड पांढरं पडलंय. आणि जिथं खिसा होता तिथं गडद निळा चौकोन, कारण खिसा असेपर्यंत त्या तुकड्याला ऊन लागलं नाही. खिसा काढला, त्याची सावली राहिली. बाईने ती सावली लपवली नाही. अशा जागी बसवली की सगळ्या वाकळेत आपली नजर तिथंच जाते. मी पंधरा मिनिटं त्या एका चौकोनाकडे बघत होते. शेतात वाकणाऱ्या माणसाचं माप आहे त्यात, गुडघ्यापासून खिशापर्यंत.

मिसूरी पेटवेचा नवरा गेला तेव्हा तिने त्याच्या कामाच्या कपड्यांची वाकळ शिवली, १९४२ मध्ये. आर्लोन्झिया ही तिची मुलगी पुढे सांगायची की आईला ती पांघरून त्याच्या आठवणीत झोपायचं होतं.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीत या वाकळा भिंतीवर लागल्या. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने अमेरिकेतल्या आधुनिक कलेच्या थोर कामांत त्यांना बसवलं. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली, दहा वाकळांची दहा.

मी हौशी शिवणारी आहे. यातून मला स्वतःला एक करायची आहे. कोणी केलंय का असं काही? आणि कसं वाटतं तुम्हाला हे सगळं?

---

टिल्लू

मस्त धागा! या वाकळांमध्ये गुप्त खुणा असायच्या ना? गुलाम पळून जाताना वाटेतल्या घरांच्या कुंपणावर वाकळ वाळत घातलेली असायची. अमुक नक्षी म्हणजे 'सामान बांधा', तमुक म्हणजे 'उत्तरेला वळा'. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, वाचून अंगावर काटा आला.

---

जुनं कपाट

टिल्लूभाऊ, काटा आला तो आला, पण ही गोष्ट इतिहासकार मानत नाहीत. १९९९ च्या एका पुस्तकातून ती पसरली, आणि त्या पुस्तकाचा आधार म्हणजे एका कुटुंबातली तोंडी हकीकत. पळून सुटलेल्या शेकडो माणसांनी आपापल्या कहाण्या लिहून ठेवल्यात, सांगून ठेवल्यात. त्यांत कुणी अशी सांकेतिक वाकळ वर्णन केलेली नाही. शिवाय त्यातल्या काही नक्ष्या त्या काळानंतरच्या आहेत.

मला त्या गोष्टीचा राग वेगळ्या कारणाने येतो. बाईने केलेली वस्तू नुसती सुंदर असून भागत नाही, ती कशाच्या तरी 'कामाची' निघाली की मगच आपण तिला डोकं असल्याचं मान्य करतो.

खरा दस्तऐवजच हवा असेल तर हॅरिएट पॉवर्स बघा. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्म. १८८६ च्या सुमारास तिने बायबलच्या गोष्टींची वाकळ केली, अकरा चौकटींची. कापडाच्या आकृत्या कापून वर टाचलेल्या: आदम-ईव्ह, साप, केन आणि एबेल, याकोबाची शिडी. अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती मांडली होती. तिथं जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिकवणाऱ्या गोऱ्या बाईने बघितली आणि मागितली. पॉवर्स म्हणाली, विकायची नाही. चार-पाच वर्षांनी दिवस वाईट आले. तेव्हा ती पिठाच्या पोत्यात गुंडाळून, बैलगाडीत घालून स्वतः घेऊन गेली. दहा डॉलर मागितले. पाच मिळाले. नवरा म्हणाला घे, म्हणून दिली. जाण्याआधी एकेका चौकटीचा अर्थ तिने सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. नंतर आपली वाकळ बघायला ती पुन्हा पुन्हा त्या घरी जायची.

ती आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. दुसरी बॉस्टनच्या म्युझियममध्ये, पंधरा चौकटींची. त्या दुसरीत बायबलच्या जोडीला प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी आहेत: १७८० चा भर दुपारी अंधारलेला दिवस, १८३३ चा उल्कावर्षाव, १८९५ ची मरणाची थंडी. आणि एक डुकरीण. नाव बेट्स. जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेली म्हणे. उल्कावर्षाव पॉवर्सच्या जन्माआधी चार वर्षं झालेला, म्हणजे तो तिने कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला. गावच्या आठवणीची बखरच आहे ती. देवाच्या कोपाशेजारी डुकरीण बसवायला काय जिगर लागते!

---

टिल्लू

बरं झालं सांगितलंत. फॉरवर्ड डिलीट. बेट्स डुकरिणीवर मात्र माझा जीव जडलाय.

---

रानजाई

सातारकरीण, लिहिलंय सुंदर. पण एक खुपलं. वर्तमानपत्रं चिकटवलेल्या भिंती, झाडून आणलेला कापूस... आपण अशा गोष्टी वाचून हळवे होतो आणि गरिबीचंच कौतुक करून बसतो. त्याच गावच्या लोरेटा पेटवेने स्पष्ट सांगितलंय की तिला शिवायला आवडायचं नाही. घरात थंडी होती, पोरं होती, मदतीला कोणी नव्हतं, म्हणून शिवल्या. आणि तिच्या वाकळा जगातल्या उत्तमांत गणल्या जातात. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आवड, ध्यास, साधना वगैरे शब्द तिच्यावर लादू नयेत.

माझी आजी भाकरी उत्तम थापायची. तिला कुणी "भाकरी तुमची प्रेरणा का?" विचारलं असतं तर उलथनं फेकून मारलं असतं.

---

वामनकाका

मी जरा उलटं बोलतो. अंगावर घ्यायची वस्तू भिंतीवर टांगली की तिची ऊब गेली. म्युझियमवाले हात लावू देत नाहीत, आणि वाकळ तर हातानेच कळते. आमच्याकडे वाकळ धुवायची म्हणजे चार बायका नदीवर, पिळायला दोघी या टोकाला, दोघी त्या टोकाला. त्या काचेच्या पेटीतल्या वस्तूला हे सुख कुठलं?

दुसरं, 'काळ्या बायका' हे वेगळं काढायलाच हवं का? गोऱ्या शेतकरणी पण शिवायच्याच की. कलेला रंग चिकटवू नये, असं आपलं माझं मत. राग मानू नका.

---

सातारकरीण

काका, राग नाही. पण रंग आपण चिकटवलेला नाही हो. थोडं लांबवते.

मघाशी जमीन लक्षात ठेवा म्हटलं होतं. साठच्या दशकात जीज बेंडचे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला कॅम्डेनला जाऊ लागले. कॅम्डेन नदीपलीकडे समोर दिसतं. होडीने, म्हणजे फेरीने, पंधरा-वीस मिनिटं. १९६२ मध्ये ती फेरी बंद झाली. रस्त्याने तेच अंतर चाळीस मैलांच्या आसपास, आणि गाडी कितीजणांकडे? तिथल्या शेरीफच्या तोंडी एक वाक्य सांगितलं जातं: ते काळे आहेत म्हणून फेरी बंद केली नाही, ते काळे आहेत हे विसरले म्हणून केली. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग त्या गावात येऊन गेले. आजूबाजूला ज्यांनी नाव नोंदवलं त्या खंडकऱ्यांना मालकांनी घराबाहेर काढलं. जीज बेंडच्या बऱ्याच लोकांची जमीन स्वतःची होती म्हणून ते टिकले.

मग १९६६ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर हे पाद्री आणि या भागातल्या बायका यांनी मिळून 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. वाकळा न्यूयॉर्कला लिलावात विकल्या. एस्टेल विदरस्पून ही बाई वर्षानुवर्षं तिचा कारभार बघायची. अनेक बायकांच्या हातात शेताबाहेरचा, स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदा पडला तो इथं.

फेरी पुन्हा कधी सुरू झाली? २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी. टपाल तिकिटं निघाली त्याच वर्षी! आम्ही त्या फेरीनेच पलीकडे गेलो. नवरा गाडीतून उतरून कठड्याला टेकून उभा होता, वाकळांवरून एकही विनोद केला नाही.

म्हणून काका, त्या बायकांचा रंग बाजूला ठेवला तर फेरीचं काय करायचं?

भिंतीवरच्या ऊबेबद्दल मात्र तुमच्याशी निम्मी सहमत. मलाही हात लावायचा होता.

---

वामनकाका

फेरीचं माहीत नव्हतं. घेतले शब्द मागे. ऊबेचे नाही घेत.

---

टाकासुई

उशिरा आले, पण ही माझीच गल्ली. शिवणाऱ्यांसाठी लिहिते.

जीज बेंडमध्ये एक नक्षी घरोघर दिसते, 'हाउसटॉप'. मध्ये एक तुकडा, त्याच्या चारी बाजूंना पट्ट्या, त्यांच्याभोवती पुन्हा पट्ट्या. वरून बघितलेल्या घराच्या छपरासारखं. ऐकायला इतकं सोपं की मी गेल्या वर्षी लगेच करायला बसले. पट्टीने आखलं, कात्रीने काटेकोर कापलं, इस्त्री करकरून शिवलं. सगळे कोपरे जिथल्या तिथे. आणि पूर्ण झाल्यावर मेल्यासारखं दिसलं. सरकारी विश्रामगृहातल्या फरशीसारखं.

मग त्यांचे फोटो पुन्हा नीट बघितले. त्यांची पट्टी एका टोकाला दोन बोटं रुंद, दुसऱ्या टोकाला चार. लाल कापड मध्येच संपलं तर तपकिरी जोडून पुढे गेल्या, पण तो जोड नेमका अशा जागी की चौकोन डोलायला लागतो. हे चुकून होत नाही. मी चुकून करून बघितलं, नुसतं वेडंवाकडं होतं. कापड संपतं ते नाइलाजाने, पण पुढचं कुठलं लावायचं ते बाई ठरवते. एका हाउसटॉपवरून शिवणारी ओळखू येते, हस्ताक्षरासारखी. त्या बायका आपल्या मनाने केलेल्या वाकळेला 'माय वे' म्हणतात. माझ्या मनाची.

याची दुसरी बाजू पण आहे. त्या सहकारी संस्थेला मोठ्या दुकानांची कामं मिळाली तेव्हा दुकानांना दहा नग तर दहाही सारखे हवे असायचे. ठरलेली नक्षी, ठरलेलं माप, ठरलेले टाके. 'माय वे' तिथं चालायचं नाही, ते घरी. १९७२ मध्ये सीअर्स या दुकानांच्या साखळीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम आलं. मापाची उशी कापून झाली की उरलेल्या पट्ट्या बायका घरी न्यायच्या. सोनेरी, अ‍ॅव्होकाडोचा हिरवा, चेरीचा लाल. कॉर्डरॉय जाड, त्याला बारीकसारीक नक्षी जमत नाही, म्हणून मग मोठे मोठे सपाट रंगाचे ठोकळे. सत्तरच्या दशकातल्या त्या भडक, ठाशीव वाकळा बघून लोक आधुनिक चित्रकारांची नावं घेतात. त्यांच्या मुळाशी हा कारखान्याचा उरलेला माल आणि कामावरून दमून घरी आलेली बाई आहे.

---

कारवारी

आमच्याकडचं सांगू? फार लांबचं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळ-मुंडगोड पट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, त्यांतले बरेच तिथून पळून घाट चढून जंगलात वस्ती करून राहिले. बोलतात कोकणी, त्यात कानडी-मराठी मिसळलेली. हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. मराठीत सिद्दी म्हटलं की आपल्याला फक्त जंजिरा आठवतो, तिथली नवाबी. ही शेतमजूर बाजू कुणी सांगत नाही.

त्यांच्या बायका 'कौंद' शिवतात. खाली जुनी साडी अंथरायची आणि कडेच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. धावदोरा घालत, एकेक तुकडा दुमडून लावत, चारी कडांनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. आधी वरचा थर जोडून मग भरणं, ही भानगड नाही. तुकडा लागतो तेव्हाच वाकळ शिवून होते. शेवट होतो पोटात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. ती लागल्याशिवाय कौंद पुरी झाली असं धरत नाहीत. ख्रिस्ती घरच्या कौंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कौंदीत चंद्रकोर.

अमेरिकेतल्या हेन्री ड्रूअल या अभ्यासकाने यावर बरंच काम केलंय. जीज बेंडशी तुलना लोक करतात, पण मी जपूनच करेन. दोन्हीकडे आफ्रिका आहे, दोन्हीकडे गुलामी आहे, पण आपल्या इकडच्या सगळ्याच जातींच्या बायका जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. त्यात कुठलं आफ्रिकेतून आलं आणि कुठलं शेजारणीकडून, हे छातीठोक कोण सांगणार? मला त्या कडेपासून आत येण्याचंच जास्त नवल वाटतं. मध्य कुठला ते शेवटपर्यंत ठरलेलं नसतं.

---

जुनं कपाट

कारवारी, +१. अवांतर नाही म्हणून जोडतो: शहरातल्या बाजूला फेथ रिंगगोल्ड. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्म, २०२४ मध्ये गेली. शिकलेली चित्रकार. १९७२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या म्युझियममध्ये तिने तिबेटी थांका बघितले, कापडाच्या चौकटीतली, गुंडाळून नेता येणारी चित्रं. लाकडी चौकटीतली मोठी चित्रं एकट्या बाईला उचलता येत नाहीत, ही गुंडाळून काखेत मारता येतात! तिची आई विली पोझी फॅशन डिझायनर होती. १९८० मध्ये दोघींनी मिळून पहिली वाकळ केली. पुढच्या वर्षी आई गेली. मग रिंगगोल्ड वाकळेवर गोष्टी लिहू लागली, चित्राच्या कडेने ओळीच्या ओळी. तिच्या आईच्या घराण्यात गुलामीच्या काळापासून वाकळा शिवत आलेल्या. म्हणजे एका धाग्यात तिबेट, हॉलंड आणि आईची आजी. प्रेरणा अशी कुठूनही येते, तिला मी काही सोवळंओवळं लावत नाही.

---

रानजाई

सोवळं नको, पण हिशेब हवा. जीज बेंडच्या वाकळा गाजल्यावर त्यांच्या नक्ष्यांच्या सतरंज्या, कप, काय काय निघालं. २००७ मध्ये गावातल्या काही जणींनी, त्यात अ‍ॅनी मे यंग आणि लोरेटा पेटवे, पैशांवरून आणि हक्कांवरून, त्यांच्या वाकळा विकत घेऊन गोळा करणाऱ्या बिल आर्नेट या संग्राहकाच्या कुटुंबावर दावे लावले. २००८ मध्ये तडजोड झाली. आता काही जणी स्वतःच ऑनलाइन दुकान मांडून विकतात, ते उत्तम.

इथं शहरातल्या एका महागड्या दुकानात मी स्वतः 'जीज बेंड स्टाइल' उशी बघितली. किंमत चार हजार. शिवणारी कोण विचारलं तर "आमच्या वर्कशॉपमधल्या बायका". नाव ना त्या बायकांचं, ना ह्यांचं.

सातारकरीण, तू करणार आहेस ती घरासाठी ना?

---

सातारकरीण

घरासाठीच. लेकीच्या हॉस्टेलच्या खोलीसाठी. हाउसटॉप करणार नाही, टाकासुईची फरशी वाचून धीर खचला. माझ्याकडे आहे तेच घेणार: नवऱ्याच्या पाच जुन्या जीन्स, आईचं एक विरलेलं इरकल, लेकीचे शाळेचे दोन गणवेश. तुकडे जमिनीवर मांडलेत. तीन दिवस झाले, त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात जातोय. इरकलीचा काठ कुठं घ्यायचा तेच ठरत नाही. कडेला लावला तर नुसती साडी दिसते, मध्ये लावला तर जीन त्याला गिळते.

---

टाकासुई

काठाचे तुकडे कर. अखंड ठेवायचा मोह होतो तोच सोड.

---

सातारकरीण

कात्री दोनदा हातात घेतली आणि ठेवली. आईचं आहे गं.

---

वामनकाका

आईला फोन लाव.

---

सातारकरीण

लावला. म्हणाली, "काप की. मी कापलेच ना माझ्या आईचे." मग पुढचा अर्धा तास मला ओरडली. जीनला साधी सुई घेऊ नकोस, दाभण घे. दोरा दुहेरी. पँटीच्या कडेची जाड शिवण आधी कापून फेक, तिच्यावर सुई मोडते. आणि मांडलेले तुकडे उचल, घरात पाय ठेवायला जागा ठेव.